पंखा फिरतो, पडदा काळाच

"लाईट लागतो, पंखा फिरतो, आवाजपण येतो. पण तोंड काही दाखवत नाही बघा, शिंदे."

घाबरू नका. हे वर्णन घरातल्या कुणा माणसाचं नाही, कॉम्प्युटरचं आहे. मैसूरच्या अग्रहार भागात माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि सकाळी शटर वर गेलं की पहिला फोन बहुधा हाच असतो. नेट चालत नाही, प्रिंटर कागद खातो, अशाही तक्रारी येतात. पण त्यांत नाट्य नाही. नाट्य आहे ते या एकाच आजारात. यंत्र जिवंत आहे, श्वास चालू आहे, दिवे लुकलुकताहेत आणि समोर काळा पडदा. गिऱ्हाईक त्या काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघत बसलेलं. असा रंगमंच आयता मांडून मिळाल्यावर मी मिशीला पीळ देऊनच आत शिरतो.

मिशी वडिलोपार्जित आहे. आमचे पूर्वज मैसूरच्या महाराजांच्या फौजेत शिपाई होते म्हणे. फौज गेली, घोडे गेले, मराठीतसुद्धा निम्मी कन्नड घुसली. मिशी तेवढी राहिली. मी तलवारीच्या जागी स्क्रूड्रायव्हर उचलला. शत्रू मात्र पूर्वजांच्या शत्रूंपेक्षा चिवट मिळाले: धूळ, झुरळ आणि गिऱ्हाइकाचा जावई. धूळ झटकता येते, झुरळ मारता येतं. जावई बेंगळुरूहून फोनवर सांगतो, "त्यांना म्हणावं प्रोसेसर बघा."

प्रोसेसर कधीच नसतो. या आजारात नव्याण्णव वेळा कारण इतकं बारीक असतं की ते गिऱ्हाइकाला सांगायची लाज मलाच वाटते. बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. पडदा वेगळा, खोका वेगळा. पडदा म्हणजे मॉनिटर. त्याला स्वतःची अक्कल नाही, खोका पाठवेल ते तो दाखवतो. तेव्हा आधी बघायचं की मॉनिटरचा दिवा लागला आहे का. हसू नका, निम्मी घरं इथंच निपटतात. मग दोघांमधली केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का. मग ती योग्य भोकात आहे का, कारण खोक्याच्या पाठीला भोकं पुष्कळ. एवढ्यावरही पडदा काळा असेल तर खोका उघडायचा आणि रॅम काढायची. रॅम म्हणजे वीतभराहून लहान एक हिरवी पट्टी. काम करताना कॉम्प्युटर सगळं तिच्यावर मांडून ठेवतो. आपण ओट्यावर भाजी चिरून ठेवतो तसं. ओटाच नसेल तर स्वयंपाक व्हायचा कसा? त्या पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांवर मळ बसतो. शाळेतल्या पोरांचं खोडरबर घेऊन दात घासायचे, पट्टी पुन्हा खाचेत बसवायची, दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला की झालं. तीस वर्षांच्या माझ्या कीर्तीचं रहस्य हे असं टपरीवर मिळणारं रबर आहे.

पण रबराच्या आधी माणूस तपासावा लागतो. प्रत्येक घरात पहिलं वाक्य एकच: "मी काहीसुद्धा केलं नाही." हे वाक्य ऐकलं की मी कॉफी मागतो. कॉफी निम्मी होईपर्यंत सत्य बाहेर येतं.

कुवेंपुनगरातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी असंच काही केलं नव्हतं. कॉफी निम्मी झाल्यावर त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "सुम्ने टेबल तेवढं फिरवलं यांनी." सुम्ने म्हणजे उगीचच, आमच्याकडे मोठे अपघात सगळे सुम्नेच होतात. वास्तुवाल्यानं सांगितलं होतं की कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याचं तोंड उत्तरेला हवं, नाहीतर शेअर बाजारात खोट येते. त्यांनी टेबल उत्तरेला वळवलं. केबलला काही कुणी वास्तुशास्त्र शिकवलं नव्हतं, ती जुन्याच लांबीची राहिली आणि मागून निसटली. मी म्हटलं, "साहेब, एकतर टेबल वळवा, नाहीतर लांब केबल घ्या." ते गंभीरपणे म्हणाले, "केबल कुठल्या रंगाची घ्यावी?"

दुसरे येलवालचे. शहराला कंटाळून शेतघर बांधून राहिलेले, जीवमात्राला न दुखवणारे गृहस्थ. महिनाभर परगावी होते, जाताना केबल काढून गेले. परत येऊन बघतात तर खोक्याच्या पाठीमागच्या भोकात कुंभारमाशीनं चिखलाचं टुमदार घर बांधलेलं. मी टोकरायला गेलो तर आडवे आले. "तिचं घर मोडायचं नाही." "मग मॉनिटर कुठं जोडू?" "तुम्ही एवढे तज्ज्ञ, काढा की दुसरा मार्ग!" दुसरं भोक होतं, त्यात जोडून दिलं. निघताना ते कृतज्ञतेनं हात जोडून उभे. माझ्यासमोर नव्हे, माशीसमोर.

हे सगळे किरकोळ प्रवेश. आता मुख्य नाटक सांगतो. ते खंडेनवमीच्या दिवशी घडलं, आणि ते फक्त आमच्याच गावात घडू शकतं.

खंडेनवमीला आमच्याकडे आयुधपूजा म्हणतात आणि तिच्यापुढं दिवाळी फिकी. ज्याचं पोट ज्यावर चालतं ते त्यानं पुसून, गंध-कुंकू लावून देवापुढं ठेवायचं. रिक्षावाला रिक्षेला हार घालतो, शिंपी मशीनला, डॉक्टर छाती तपासायच्या नळीला. दारात कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे. आणि मुख्य नियम: पूजेत ठेवलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुन्हा पूजा करून मगच हात लावायचा. त्या दिवशी मैसूरात तुमचा नळ गळू लागला तर खाली बादली ठेवा आणि नामस्मरण करा.

माझेही सगळे स्क्रूड्रायव्हर, पकडी आणि सामानाचं अख्खं काचेचं कपाट पूजेत होतं. कपाटाला एकच लांब हार घालतो, काटकसर म्हणून. फक्त खोडरबर मी दरवर्षी खिशात ठेवतो. यावर घरात वाद आहे. बायको म्हणते, देवाला फसवता. मी म्हणतो, रबर ही शाळेची वस्तू आहे, ते सरस्वतीच्या खात्यात येतं.

तर दुपारी फोन वाजला. पांडुरंगण्णांचा. कुवेंपुनगरात घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. विठ्ठलाचे भक्त, पिढ्यान्‌पिढ्या मैसूरात शिवणकाम करणारं मराठी घर. पांडुरंगण्णा नियमाचे इतके पक्के की त्या सकाळी त्यांच्याच सदऱ्याचं बटण तुटलं तर सुई पूजेत म्हणून ते लावू दिलं नाही. गळ्याशी सेफ्टी पिन लावून हिंडत होते.

"शिंदे, लगेच निघा. कॉम्प्युटर रडतोय."

"अण्णा, आज आयुधपूजा. हत्यार नाही माझ्याकडे."

"हत्यार नको, तुम्ही या! साडेचारला पुण्याची माणसं पडद्यावर येणार. शुभाचं ठरायचंय आज."

शुभा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. दुकान नावाला अण्णांचं. ते गल्ल्यावर बसून हवापाण्याच्या गोष्टी करत. कापायची शुभा, शिवायची शुभा, आणि ब्लाउजच्या पाठीवर भरायची वेलबुट्टी घरच्या कॉम्प्युटरवर काढून गिऱ्हाइकाला दाखवायची तीही शुभाच. लांबून बायका येत त्या तिच्या हातासाठी. हे साऱ्या कुवेंपुनगराला ठाऊक होतं, अण्णांना सोडून. आणि पुण्याचं स्थळ तिला नकोसं होतं असंही नाही. तिचा प्रश्न एकच होता, लग्नानंतर काम चालू ठेवता येईल का? हा प्रश्न तिनं अण्णांना विचारला होता, अण्णांनी तो पुण्याला विचारायचा होता, आणि अण्णा म्हणत होते, "आधी ठरू दे गं. मग आपोआप होतं सगळं."

आपोआप काय काय होतं ते पुढं बघाच.

मी पायीच पोहोचलो, रिक्षाही पूजेत. हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा, त्यांवर नातेवाईक, सगळे रेशमात. फोनवर बोलणं अण्णांना पसंत नव्हतं. फोनमध्ये माणूस पासपोर्टच्या फोटोएवढा दिसतो, घराणं कसं दिसणार? म्हणून मोठा मॉनिटर मधोमध मांडलेला. मॉनिटर काळा. खोका मात्र लांब, केविलवाणे हुंदके देत होता: बीऽऽप, बीऽऽप.

"सकाळपासून असा रडतोय," अण्णा म्हणाले. "काय पाहिजे त्याला?"

मला आवाजावरूनच कळलं. कॉम्प्युटर चालू झाला की आधी स्वतःलाच चाचपून बघतो, आणि काही सापडलं नाही तर बोंब मारतो. ही बोंब रॅमची होती. दसऱ्याची साफसफाई, फडक्यानं झटकाझटक, पट्टी खाचेत हलली असणार. रबरानं दोन मिनिटांचं काम. पण रेशमातले इतके प्रेक्षक समोर असताना दोन मिनिटांत संपवणारा नट मी नव्हे. मी डोळे मिटून हुंदके ऐकले. एकदा हं म्हटलं, एकदा अरेरे म्हटलं. अण्णांच्या मेव्हण्यांनी विचारलं, "प्रोसेसर का हो?" मी त्यांच्याकडं दयेनं पाहिलं.

त्या खोक्याची बाजू बोटांनी फिरवायच्या स्क्रूंनी बसवलेली होती, म्हणून हत्याराविना उघडली. उघडली आणि माझंच नाटक विसरलो.

रॅम हललेली नव्हती. रॅम नव्हतीच. खाच रिकामी, दोन्ही बाजूंच्या कड्या नीट, हलक्या हातानं उघडलेल्या. झुरळ कड्या उघडत नाही.

मी मान वर केली. समोर देवाचा कट्टा. विठ्ठल-रखुमाई, पुढं केळीच्या पानावर अण्णांची मोठी कातर, शुभाची लहान कातर, मापाची फीत, सुयांची डबी. आणि दोन कातऱ्यांच्या मध्ये हिरवी पट्टी. मधोमध कुंकवाचा टिळा, वर झेंडूची पाकळी. इतकी सात्त्विक रॅम मी आयुष्यात पाहिली नव्हती.

खुर्च्यांमागं शुभा भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. विनवणी नाही, धमकी नाही. तेवढ्या शांतपणे तिनं गिऱ्हाइकाचं माप घेताना पाहिलं असेल. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई, सरोजाक्का, चुरमुऱ्यांचं पातेलं घेऊन उभ्या. त्यांची नजर कट्ट्याकडं मुळीच जात नव्हती, इतकी मुळीच नाही की मला सगळं समजलं.

"काय झालं?" अण्णा माझ्या खांद्यावरून वाकले.

"रॅम नाही, अण्णा."

"नाही म्हणजे? चोरीला गेली?"

"नाही. पूजेला गेली." मी बोट दाखवलं.

हॉलमधला प्रत्येक रेशमी गळा कट्ट्याकडं वळला. अण्णा कट्ट्याजवळ गेले, वाकून पाहिलं, सरळ झाले.

"शुभा! हे तू केलंस?"

"होय अप्पा. तुम्हीच म्हटला ना सकाळी? पोट ज्यावर चालतं ते सगळं ठेवा, काही सोडू नका. माझं पोट कातरीवर आणि कॉम्प्युटरवर चालतं. कॉम्प्युटर कट्ट्यावर मावेना. म्हणून त्यातलं लहान बघून ठेवलं."

"लहान बघून? आज? साडेचारला ते लोक..."

"पूजा काय पाहुण्यांची वेळ बघून करायची अप्पा?"

नातेवाइकांतून कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकलं. अण्णांचा हात कट्ट्याकडं गेला.

"हां!" सरोजाक्का तेवढंच म्हणाल्या. पातेलं खाली ठेवलं आणि पुढं आल्या. "उचलणार?"

"अगं, दहा मिनिटांचं काम आहे. परत ठेवू की."

"सकाळी त्या कॉलेजच्या बाईंच्या ब्लाउजचा हूक तुटला होता. दारात उभी होती बिचारी. एक टाका घालू दिला नाहीत. म्हणालात, देवाला दिलेलं हत्यार उचललं तर वर्षभर हाताला यश येत नाही. मी दिली की तिला माझी पिन. आता तुमच्या हाताला यश नको का?"

अण्णांचा हात गळ्याशी गेला, सेफ्टी पिनवर, आणि तिथंच राहिला. नियम करणारा माणूस नियमाच्या फासात सापडला की कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. कॉम्प्युटरसारखाच दिसतो. आत सगळं फिरत असतं, तोंडावर काही उमटत नाही.

मग माझ्याकडं वळले. "शिंदे, तुमच्या दुकानात असेल की दुसरी!"

आता आली का माझी कसोटी. असतील, पुष्कळ असतील. कपाट पूजेत होतं हे खरं. पण देवाच्या डोळ्यांदेखत रबर खिशात घालून हिंडणाऱ्या माणसाला हाराखालून एक पट्टी सरकवून आणणं जड नव्हतं. सरस्वतीच्या नाहीतर आणखी कुणाच्या खात्यात टाकता आली असती. मी शुभाकडं पाहिलं. तिच्या बोटांना कातरीचे घट्टे होते, वडिलांच्या बोटांना होते त्याहून ताजे.

"अण्णा," मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "अख्ख्या कपाटाला हार घातलाय. मी तुमच्यासारखाच नियमाचा माणूस."

"शेजारच्यांचा लॅपटॉप?"

"त्यालाही हार आहे. येताना पाहिला, व्हरांड्यात ठेवलाय, शेजारी लिंबू."

"अय्यो, एन माडोदु आता?" 'काय करायचं' हे अण्णांच्या तोंडून कन्नडमध्ये आलं की ओळखावं, माणूस थकला. पुण्याच्या माणसांपुढं निव्वळ मराठी बोलायचं असा त्यांनीच घरात हुकूम काढला होता.

शेवटी फोनच घ्यावा लागला. फोन हत्यार की नाही यावर छोटासा वाद झाला. "फोनवर कुणाचं पोट चालत नाही, वेळ जातो," असा निकाल सरोजाक्कांनी दिला. फोन पेल्याला टेकवला तर घसरायचा. म्हणून तो हातात धरून उभं राहायचं काम मला मिळालं. तीस वर्षांची कीर्ती, वडिलोपार्जित मिशी, आणि मी फोनचा स्टँड.

पलीकडं पुण्याच्या फ्लॅटमध्ये मुलाची आत्या. मुलगा तिच्या खांद्यामागं होता, अर्धा कान दिसत होता.

"दिसताय का नीट? एवढंसंच काय दिसतंय?" आत्याबाई म्हणाल्या. "मोठ्या पडद्यावर येणार होता ना?"

"कॉम्प्युटर जरा..." अण्णा म्हणाले. "स्वल्प बिघडलाय."

"काय बिघडलंय?"

"थोडासा," अण्णांनी घाईनं भाषांतर केलं.

"बरं, घर दाखवा की जरा."

मी स्टँड होतो. स्टँडला मत नसतं. पण स्टँडला फिरता येतं. मी खुर्च्या दाखवल्या, रेशीम दाखवलं, आणि फिरत फिरत कट्ट्यासमोर येऊन थांबलो. चांगला थांबलो.

"अगंबाई, कातऱ्यांची पूजा?" आत्याबाई हसल्या. "अजून करता का हो तुम्ही हे? आमच्याकडे आजोबांनी दुकान बंद केलं ते केलंच. आम्ही तर कुणाला सांगतही नाही की आधी शिवायचो म्हणून. सोसायटीत कशाला ते?"

अण्णांनी सदऱ्याची गळपट्टी सारखी केली.

"बरी आठवण झाली," आत्याबाई म्हणाल्या. "मुलीचं ते कापाकापीचं लग्नाआधीच बंद करून टाका. इथं तिला काही कमी नाही. घरकामाला बाई आहे, स्वयंपाकाला बाई आहे. ब्लाउज शिवायलासुद्धा एक बाई घरी येते. चांगली आहे, मागच्या दारानं येते-जाते."

शुभा खुर्च्यांमागून पुढं आली. मी फोन तिच्याकडं वळवला.

"आत्या, मी ते बंद नाही करणार," ती म्हणाली. मराठी आमची, अर्धी हेल काढलेली. "आधीच सांगते. मला ते येतंय आणि चांगलं येतंय. तुमच्या गावात पण करीन. पुढच्या दारानं."

पलीकडं आत्याबाई मागं वळून म्हणाल्या, "ऐकलंस का रे?"

अर्धा कान हलला. "तू म्हणशील तसं, आत्या."

मी अण्णांकडं फोन नेला. त्यांनी कट्ट्यावरच्या आपल्या कातरीकडं पाहिलं. ती त्यांच्या वडिलांची होती. टिळा अजून ताजा होता. मला वाटलं, आता हा माणूस गडगडणार, कुणावर ते विठ्ठल जाणे.

"आज आमच्याकडं पूजा आहे," ते म्हणाले. "उद्या सांगतो."

फोन बंद झाला. नातेवाईक चुरमुरे घेऊन हळूहळू पांगले. जाताना मेव्हणे माझ्या कानात म्हणाले, "मला तरी अजून प्रोसेसरच वाटतो."

मी निघालो तेव्हा सरोजाक्का फाटकाशी आल्या. "शिंदे, उद्या सकाळी या. कॉम्प्युटर लावायचाय." मग जरा थांबून, "तुम्हाला काय वाटतं, ते काय सांगतील पुण्याला?"

मी म्हटलं, "अक्का, मला खोक्यातलं कळतं."

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आमच्या गावात तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. रिक्षावाल्याला यायचं नसेल तर तो आभाळाकडं बघतो. दुकानदाराकडं वस्तू नसेल तर तो म्हणतो, पुढच्या आठवड्यात या. आमची गोड माणसं, गोड बोलणं, असं बाहेरचे लोक कौतुकानं सांगतात. त्या गोडव्यात किती मुलींची लग्नं झाली असतील याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. कुणाला नाही म्हणता आलं नाही, म्हणून हो झालं. पांडुरंगण्णा तर गोडव्याचे मेरुमणी. त्यांच्या दुकानात वेळेत न झालेला ब्लाउजसुद्धा 'झालाच' असायचा.

दसऱ्याच्या सकाळी गेलो. पूजा होऊन कट्टा रिकामा झाला होता. अण्णांनी स्वतः रॅम आणून माझ्या तळहातावर ठेवली, प्रसाद द्यावा तशी. सोनेरी दातांत कुंकू गच्च भरलेलं. मी रबर काढलं आणि घासू लागलो. पांढरं रबर लाल झालं. पट्टी खाचेत बसवली, दोन्ही बाजूंनी टक् झालं. बटण दाबलं. पंखा फिरला, हुंदका नाही, आणि पडदा उजळला. शुभानं येऊन परवा अर्धवट राहिलेली नक्षी उघडली: ब्लाउजच्या पाठीवर मोर, पिसारा कमरेपर्यंत उतरलेला. कॉलेजच्या त्या पिनवाल्या बाईंसाठीच होता. त्या अकराला येणार होत्या.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. पुणं. अण्णा कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले आणि फोन कानाला लावला. आत्याबाईंचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"दुरुस्त झाला का हो कॉम्प्युटर? काल काही नीट बोलणं झालं नाही. मुलगी जरा तोंडाळ आहे, पण वयानं निवळेल, आम्ही पदरात घेऊ. आज सगळे जण मोठ्या पडद्यावर बसू आणि सुपारी फोडून टाकू. ते दुकानाचं तेवढं आधी बंद करून घ्या म्हणजे झालं."

शुभाचा हात माउसवर होता. तो तिथंच थांबला. सरोजाक्का दारात आल्या. मी खोक्याची बाजू लावायची सोडून बघत राहिलो.

अण्णांनी समोर पाहिलं. हातभर मोठा मोर, निळा-हिरवा, त्यांच्या तोंडावर उजेड पाडत होता.

"नाही हो," ते म्हणाले. "कॉम्प्युटर काही दुरुस्त झाला नाही."

"अजून नाही? मग कधी होईल?"

"काय सांगावं? माणूस बसलाय इथं, खटपट करतोय." त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "दिवा लागतो, पंखा फिरतो. पण आमच्याकडून तुम्हाला काही दिसेल असं मला वाटत नाही."

पुण्याच्या माणसांना मैसूरचं 'नाही' कळायला वेळ लागतो. पण आत्याबाई हुशार, त्यांना कळलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "राहू द्या मग." आणि फोन ठेवला.

अण्णांनी फोन उशीखाली सारावा तसा मांडीखाली सारला. सरोजाक्कांनी पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की काय ते मी पाहिलं नाही. शुभा पडद्याकडंच बघत होती, मुळीच न हलता.

"त्या मोराची मान आखूड कर जरा," अण्णा म्हणाले. "बाईंची पाठ लहान आहे."

"लहान नाहीय अप्पा. मी माप घेतलंय."

अण्णांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं, मग मोराकडं, मग खुर्चीतून उठले.

"बस इथं," ते म्हणाले. "अकराला येतील त्या."